खारं पाणी आणि मामाचा आवाज

"अबे थांब! खारं हाय थे पाणी! गरम इंजिनाचं हेड फुटन!"

कॅन हातात तसाच राहिला. एप्रिलची दुपार, दर्यापूरच्या पुढे अकोला रस्त्यावर माझं पिकअप बॉनेट उघडून उभं. रेडिएटरमधून वाफ अशी उठली होती की पावसाचे ढग समजून अकोल्यात लोकांनी वाळत घातलेले कपडे उचलले असतील. मागेपुढे नजर जाईल तिथवर काळी उघडी शेतं... माणूस म्हणून एक नाही.

म्हणजे एक होता. केबिनमध्ये, काच बंद करून बसवलेला माझा मामा. पण मामा तीन वर्षांपासून बोलत नाही.

मंडळी, आधीच सांगतो — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं मी काही मानत नाही. आमच्या अंजनगावात कोणी चकवा लागल्याचं सांगितलं, तर आदल्या रात्री काय घेतलं होतं हे विचारणारा पहिला मी. थोडं वाढवून सांगायची मला सवय आहे, तेही कबूल. वरचे वाळते कपडे वाढवलेले आहेत. पुढचं नाही.

ही गाडी मामाचीच. बावीस वर्षं त्यानं तिच्यावर केळी अन् संत्री वाहिली. लकवा झाला, उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि गाडी माझ्याकडे आली. इंजिन अजून एकदाही खोललेलं नाही, याचं श्रेय मामाच्या शिस्तीला. सकाळी चावी लावण्याआधी ऑइलची काडी पुसून पाहायची. डिझेल फिल्टरच्या बुडाचा स्क्रू ढिला करून आठवड्याला साचलेलं पाणी सोडायचं. घाटातून आल्यावर गाडी लगेच बंद करायची नाही, दोन मिनिटं दम घेऊ द्यायचा. मामी म्हणायची, मले कधी इचारलं का, दमली का म्हणून?

आता मात्र तीच मामी रोज सकाळी चहा पाजताना त्याच्यासमोर बसते. "मी कोण? नाव सांगा माझं," म्हणते. वाट पाहते. मग कप उचलून आत जाते. तीन वर्षांत एक दिवस चुकला नाही.

त्या दिवशी मी मामाला अकोल्याला डॉक्टरकडे नेत होतो. घाईत रेडिएटर पाहिला नाही. वाटेत होज पाइपाची क्लिप ढिली झाली, पाणी गेलं, काटा लालमध्ये. घरून आणलेलं पाणी मामाला प्यायला राखायचं होतं; रस्त्याकडेला हापसा होता, कॅन भरला. खारपाणपट्ट्यातलं पाणी आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. तोंडात धरवत नाही ते. पण मी म्हटलं, आपल्याला चव लागते, इंजिनाला कुठं लागते? ओली गोणी टाकून झाकण उघडलं, कॅन उचलला... आणि तो ओरडा.

आवाज अगदी मानेमागून आला. तसाच खरखरीत, बाजार समितीत चार गाड्यांपलीकडून मला हाक मारायचा तसा.

धावत केबिनकडे गेलो. लू लागू नये म्हणून मीच चढवलेली काच तशीच होती. मामा समोर पाहत होता. समोर होतं काय? उभं बॉनेट. मी हापशावर गेलो तेव्हा तो झोपेत होता, आणि कॅनमध्ये काय आहे हे त्याला त्या पत्र्याआडून दिसणं शक्यच नव्हतं. "मामा, तू बोलला का गा?" मी विचारलं. त्यानं नुसती पापणी हलवली. पापणी तर तो दिवसभर हलवतो.

कॅन रस्त्यावर ओतला. बघता बघता पाणी सुकलं आणि डांबरावर पांढरा थर उरला. क्लिप आवळली, पाऊण तास इंजिन थंड होऊ दिलं, आणि घरून आणलेलं पिण्याचं पाणी हळूहळू सोडलं. गाडी एका चावीत सुरू झाली.

डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधीमधी एखादा शब्द, एखादी शिवी निसटते. मी म्हटलं, तीन वाक्यं? बंद काचेतून? त्यांनी चष्मा पुसला आणि गोळ्या त्याच ठेवल्या. आमचा गाडीचा मिस्त्री म्हणतो, तुझ्याच डोक्यात मामा बसला आहे, तोच बोलला. असेल. पण डोक्यातला आवाज कानामागून येतो का? ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

घरी आल्यावर मामीला सांगावं की नाही, या विचारात मी दारातच बराच वेळ चपला काढत राहिलो. शेवटी सांगितलं. ती डाळ निवडत होती, हात थांबला. काय म्हणाले ते नेमकं सांग, म्हणाली. मी सांगितलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. या खेपेला एक शब्दही वाढवला नाही.

"बस, इतलंच?"

"इतलंच, मामी."

तिनं पदरानं मामाची हनुवटी पुसली, सूप उचललं.

"गाडीसंगं त्याईचं पयलेपासूनच जमते," ती म्हणाली. "हात धू, जेवाले बस."