चौदा अर्ज, एक परिच्छेद

कॉलेजच्या मागच्या गल्लीत टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे अर्जकाका म्हणत. खरं नाव विचाराल, तर शेजारच्या दुकानदारालाही आठवायला वेळ लागला असता. नोकरीचा अर्ज म्हटला की पोरं आधी काकांकडे धावत. काका टाईप करता करता उपदेशाचे डोस पाजत: फोन नंबर दोनदा तपासा, जाहिरात शेवटपर्यंत वाचा, फोटोत दात काढू नका. उपदेश बरोबर होता आणि फुकट होता, म्हणून पोरं मान डोलावत.

पण काकांचा खरा जीव होता एका परिच्छेदावर. बावीस वर्षांपूर्वी तीन दिवस डोकं खाजवून त्यांनी तो रचला होता. ‘लहानपणापासून मला नवनवीन गोष्टी शिकण्याची जिज्ञासा असून, हाती घेतलेले काम मी तन-मन लावून पूर्ण करतो.’ मुलगी असली की ‘करते’, एवढीच काय ती मेहनत. पहिल्याच वर्षी त्यावर दोघांना नोकरी लागली आणि झालं, काका हवेत गेले ते पुन्हा खाली आलेच नाहीत.

यंदा त्यांच्या मुलीनेच पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अर्ज केला. दोन वर्षं नकार पचवून ती घरात बोलेनाशी झाली होती. ही जागा तिला मनापासून हवी होती. “मी लिहिते ना, बाबा,” असं ती म्हणालीही होती. पण काका ऐकतात होय! “अख्ख्या गल्लीचे अर्ज मी लिहायचे आणि घरची पोर लिहिणार वेडंवाकडं?”

आज दुपारी अडीचला ती दुकानात आली आणि बाकावर बसली.

“अर्ज बाजूला टाकलाय त्यांनी.”

“का? फोटो चुकला?”

“तिथल्या बाईंनी गठ्ठाच दाखवला. चौदा अर्ज, सगळ्यांना लहानपणापासून जिज्ञासा. त्यांनी वाक्य सुरू केलं आणि माझ्या तोंडून पुढचं बाहेर पडलं. हसल्या. कोणी लिहून दिलं, विचारत होत्या.”

“मग काय सांगितलंस?”

“काही नाही.”

काकांचा चेहरा पडला. तिने त्यांचं नाव घेतलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं.

“पाचपर्यंत दुसरा दिला तर घेतील म्हणाल्या, चौदांपैकी कुणाचाही. आज शेवटची तारीख आहे.”

काकांनी कीबोर्ड पुढे ओढला. बोटांनी आपोआप ‘लहानपणा’ टाईप केलं. त्यांनी ते खोडलं आणि खाली बघत विचारलं, “तू... काय काय करायचीस गं कॉलेजात?”

“प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायचे. दोन वर्षांत एक फोडलं नाही. एकदा बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झालेली पकडली, सगळ्या वर्गाला पुन्हा मोजमापं घ्यावी लागली. महिनाभर माझ्याशी कुणी धड बोलत नव्हतं.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“तुम्ही कधी विचारलंत?”

तिने कीबोर्ड आपल्याकडे घेतला. वीस मिनिटांत स्वतःच्या शब्दांत अर्ज लिहिला, छापला आणि निघाली. काकांनी वाचायला मागितला नाही. मागायचं तोंडच राहिलं नव्हतं.

तीन वाजले होते. उरलेले तेरा अर्ज कॉम्प्युटरमध्येच होते, प्रत्येकावर दोनदा तपासलेला फोन नंबर. त्या तेराजणांना कोण सांगणार होतं? प्रत्येकाला बाकावर बसवून काकांनी फोटोबद्दल बजावलं होतं, बाकी एक अक्षर विचारलं नव्हतं. त्यांना स्वतःची शरम वाटली. गप्प बसलो तर कुणाला कळणारही नाही, असंही एकदा मनात येऊन गेलं.

मग त्यांनी पहिला नंबर लावला. पलीकडून एका बाईंचा आवाज आला.

“मी कॉलेजमागचा अर्जकाका बोलतोय. तुमच्या मुलीच्या अर्जाबद्दल जरा...”

“अगं बाई! थांबा हं, काका, देते तिला,” बाई म्हणाल्या, आणि फोन बाजूला न घेताच आनंदाने ओरडल्या, “अगं, लवकर ये! अर्जकाकांचा फोन आलाय, तुझं काम झालं वाटतं!”