घाटावरची उशी

स्वतःच्या खोकल्याचंसुद्धा धावतं वर्णन करणारा माणूस शिरूरपासून दौंडपर्यंत एकच आहे, आणि तो आमच्या नात्यात आहे. माझ्या यजमानांचे हे मामा इनामगावला असतात. शेती आहे, ऊस आहे, पण पंचक्रोशी त्यांना ओळखते ती आवाजावरून. बैलगाडा शर्यतीत घाटावर माईक धरून बारी पुकारणं हे त्यांचं खरं काम. घाट म्हणजे शर्यतीचा चढ आणि बारी म्हणजे एका गाड्याची धाव. बैल सुटले की मामा असा काही ‘भिर्रर्रर्र’ करतात की नदीपलीकडच्या म्हशी पान्हा चोरतात, असं लोक सांगतात. मामा ते नाकारत नाहीत.

घाट वर्षातून मोजके दिवस भरतो, मामा मात्र बारा महिने पुकारतात. मामींनी तव्यावर चपाती टाकली की “आली, आली, कडंनं फुगली, टम्म झाली!” शिरूरच्या स्टँडवर एसटी मागं घेताना ड्रायव्हरला आरसा लागत नाही, मामा आत बसलेले असले म्हणजे झालं. एका लग्नात अंतरपाट दूर होताच ते सवयीनं “झाऽऽली!” असं ओरडले आणि दचकलेल्या नवरदेवानं हार भटजींच्या गळ्यात घातला.

अशा माणसाला यंदा गावच्या यात्रेच्या तोंडावर खोकला झाला. खोकलाही मामांचाच, तो हळू आवाजात होणं शक्यच नव्हतं. कफ सुटला, खोकला ओसरत आला आणि एका सकाळी ते उजवी कूस धरून वाकले ते वाकलेच. शिंकलं की कळ, कुशीवर वळलं की कळ, हसलं तर जीव जायची वेळ. बरगडी मोडली, असं निदान मामांनी स्वतःच केलं आणि उपचारही स्वतःच केला. मी इनामगावला पोचले तेव्हा त्यांनी लग्नातला अख्खा फेटा छातीभोवती करकचून आवळला होता.

“मामा, हे काय?”

“बरगडी जाग्यावर धरून ठिवलीय, सूनबाई.”

“श्वास तरी घेता येतोय का?”

“लागंल तेवढा घेतूय.”

मी त्यांना तसंच गाडीत घालून शिरूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती तपासली, एक्स-रे काढायला लावला. हाडं सगळी शाबूत होती. खोकून खोकून बरगड्यांमधले स्नायू ताणले गेले होते, इतकंच. फेट्याकडे बघून मात्र त्या गंभीर झाल्या. “असं आवळलं की खोल श्वास घेता येत नाही. मग कफ छातीत साठतो आणि साध्या दुखण्याचं मोठं दुखणं होतं. फेटा डोक्याला बांधा. खोकला आला की दुखऱ्या बाजूवर उशी घट्ट धरायची आणि मग खोकायचं. ताप आला, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, तर तडक या. आणि ओरडणं बंद.”

“पुढल्या आठवड्यात यात्रा हाय, बाई.”

“स्नायूला यात्रा कळत नाही, आजोबा.”

दवाखान्यातून निघताना मामांचा घोर वेगळाच होता. यात्रा कमिटीनं खुटबावच्या एका तरुण निवेदकाला विचारून ठेवलंय, हे त्यांच्या कानावर आलं होतं. “एकदा माईक दुसऱ्याच्या हातात गेला की परत मिळत न्हाई, सूनबाई,” एवढंच म्हणाले. मी तेव्हाच ठरवलं, मामा घाटावर उभे राहणार.

त्यांना मी शिरूरला आमच्या घरीच ठेवून घेतलं. शेक कधी, गोळी कधी, सावकाश खोल श्वास कधी, सगळं लिहून फ्रीजवर चिकटवलं. सोफ्यावरची हिरवी उशी त्यांच्या स्वाधीन केली. पण मामांना गप्प बसवणार कोण? “आला, आला, खोकला आला! घशात आला, वळणावर आला, उशी सोडाऽऽ!” मी स्वयंपाकघरातून धावत येऊन उशी शोधून देई. हसायला बंदी होती, आणि नेमके त्यांचे दोस्त आप्पा भेटायला आले.

“काय रं, खुडूक कोंबडीगत काय बसलायस उशी घिऊन?”

“हसवू नगं, आप्पा! हसवलंस, तर तुझ्या बैलाचं नाव चुकीचं पुकारीन!”

एके दुपारी मी त्यांना विचारलं, “मामा, माईक असतो ना तिथं? मग ओरडता कशाला?” हा प्रश्न त्यांना जन्मात कुणी विचारला नव्हता. मग माईक म्हणून हातात पळी देऊन मी त्यांना हळू बोलायला बसवलं. आधी श्वास, मग वाक्य. पुन्हा तपासायला गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो हळू आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “एवढ्याच आवाजात बोलणार असाल, तर जा. उशी विसरू नका.”

यात्रेच्या दिवशी मामा घाटावर चढले, डोक्याला फेटा आणि काखेत हिरवी उशी. गर्दी खिदळली. एक गाडामालक ओरडला, “मामा, झोपायला आलाय व्हय?”

मामांनी माईक ओठाशी नेला आणि अगदी हळू म्हणाले, “न्हाई, पाव्हणं. तुमची बैलं वाटंत झोपली, तर उशाला द्यायला आणलीय.”

सगळा घाट हसला. हसले नाहीत ते फक्त मामा. त्यांनी उशी दाबून धरली होती. मग बाऱ्या सुरू झाल्या आणि एक नवल घडलं. मामा हळू बोलत होते म्हणून लोक गप्प बसून ऐकत होते. कुठल्या बैलाचा कान हलला, कुठल्याची वेसण नवी, सगळं त्या बसक्या आवाजात ऐकताना अंगावर काटा येत होता.

शेवटची बारी गावच्याच बैलांची होती. बैल सुटले. मामांनी ‘भिर्रर्र’साठी छाती भरून श्वास घेतला आणि तिथंच खोकला आला. त्यांनी माईक बाजूला धरला, उशी कुशीला आवळली आणि वाकून खोकू लागले. कर्णे मुके झाले. आता संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात खालच्या अंगाला कुणीतरी बारीक आवाजात ‘भिर्रर्र’ केलं, त्याला दुसऱ्यानं धरलं, आणि बघता बघता अख्खा घाट उठला. भिर्रर्रर्रर्र! त्या गजरात बैल निशाणाच्या पार गेले आणि सगळ्यांत कमी वेळ घेऊन पहिले आले. मामांनी उशी झेंड्यासारखी वर धरली. कमिटीनं शाल घातली आणि पुढच्या वर्षीचा माईक तिथल्या तिथं त्यांच्या नावावर जाहीर केला. खुटबावचा तो पोरगा पाया पडला आणि हळूच विचारता झाला, “मामा, उशी कुठून घेतली?”

शिरूरला परतताना गाडीत मी विजयाच्या भरात बोलत होते. मामा खिडकीबाहेर बघत होते.

“सूनबाई.”

“काय, मामा?”

“माझ्याबिगर बी ‘भिर्रर्र’ म्हणत्यात की गं लोकं.”

“तुमचंच ऐकून शिकलेत.”

“व्हय. बेस म्हणलं.”

नदीच्या पुलावर उसाचा ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून पुढं गेला. मी पुकाऱ्याची वाट पाहिली. मामा काही बोलले नाहीत. खोकलाही आला नव्हता, तरी त्यांनी उशी ओढून बरगड्यांशी घट्ट धरली.