रविवारचा इस्त्रीचा शर्ट

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आमच्या समोर राहणारे काका नोकरी गेल्यापासून दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून लॅपटॉपसमोर बसतात. बेकारभत्त्याच्या वेबसाइटवर दर आठवड्याला तेच प्रश्न येतात आणि काका दर आठवड्याला त्यांना नव्यानं घाबरतात. मी कॉफीला गेलो की प्रश्न मोठ्यानं वाचतात आणि स्क्रीनलाच उत्तर देतात, "नाही हो साहेब!"

"या आठवड्यात काही काम केलंत का?" यावर एकदा वीस मिनिटं अडले. मंडळाच्या गणपतीचं मखर त्यांनी केलं होतं.

"शाल-नारळ दिला रे मला. तो इन्कममध्ये दाखवायचा का?"

"एखादं काम नाकारलंत का?" हा प्रश्न आला की काकू आतून ओरडतात, "हो म्हणा! गराज तसंच पडलंय!" काका खरंच 'हो'वर क्लिक करायला जातात. मी हात धरतो.

गेल्या रविवारी मात्र काकाच लॅपटॉप घेऊन माझ्या दारात आले. "आमचं वायफाय गेलंय." बसले, वेबसाइट उघडली, पण स्वतःचं लॉगिन न करता नव्या खात्याचा फॉर्म काढून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.

"नाव टाक."

माझी नोकरी गेल्याचं मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. रोज ऑफिसला म्हणून निघत होतो.

"मी लायब्ररीत पेपर वाचायला जातो," काका हळूच म्हणाले. "तुझी गाडी तीन आठवडे तिथेच दिसतेय." मग माझ्या चुरगळलेल्या टीशर्टकडे बघून म्हणाले, "थांब. आधी शर्ट बदलून ये."