हात तर सगळ्यांनाच होता

बस्त्यावकाका भेटले की आधी तोंडाकडे नाही, हाताकडे बघत. "छान नस आहे," हाच त्यांचा नमस्कार. मूळचे वसईचे, बहरीनमध्ये एका दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढण्यात हयात गेली. तिथल्या झिंज भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एकटेच राहत. बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहाचा कप घेऊन आमच्या हॉलमध्ये येरझारा घालत आणि कुणी काहीही सांगितलं की विचारत, "कशावरून?" उद्या धूळ उडणार आहे. कशावरून? मासळी ताजी आहे. कशावरून? माझ्या बायकोनं एकदा वैतागून सांगितलं, "बिर्याणीत मीठ बरोबर आहे, काका, आणि कशावरून ते विचारू नका."

रत्नागिरीहून आई आमच्याकडे राहायला आली आणि थोड्याच दिवसांत स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. आई हात ओढणीत गुंडाळून बसली. "अल्लानं रगत मोजून दिलाय. काढलेला परत कुठनं येयाचा?" मी समजावलं, चिडलो, पण ती ढिम्म. ती पुन्हा पडेल या धास्तीनं ऑफिसात माझं लक्ष लागेना.

काकांच्या कानावर गेलं तसे ते खिशात रबरी पट्टी घालूनच आले. "आपा, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्याच हातावर बघा." दंडाला पट्टी बांधली. आईच्या हातावर निळी शीर वर आली, मधे मधे गाठी असलेली. मनगटाजवळ तिला बोटानं दाबायला लावून काकांनी अंगठ्यानं शिरेतलं रक्त गाठीपलीकडे वर सारलं. शीर सपाट झाली. वरून रक्त परत येईना. "आता बोट उचला." खालून शीर भरून आली. आईनं ते पुन्हा करायला लावलं.

काका तोवर हॉलभर फिरायला लागले होते. "रक्त यकृतात तयार होतं आणि हातापायात जाऊन जिरतं, असं मोठमोठे डॉक्टर दीड हजार वर्षं मानत होते. पुस्तकात लिहिलेलं ना! मग एका इंग्रज डॉक्टरनं अशी पट्टी बांधून दाखवलं, की ते जिरत नाही, काळजाकडे परत जातं, फिरत राहतं. थोडं काढलं तर अंग नवं करतं. हात तर सगळ्यांनाच होता, आपा. पण पुस्तक सोडून त्याच्याकडे बघणार कोण?"

"म्हणजे जातंय नि येतंय," आई स्वतःशीच म्हणाली आणि हात पुढे केला. तपासणीत साखर निघाली, गोळ्या सुरू झाल्या, चक्कर थांबली. तेव्हापासून नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना, बाह्या वर सारल्या की ती आधी शीर दाबून बघायची. तिला त्याची गंमतच वाटे.

यंदा उन्हाळ्यात एका संध्याकाळी काका आले आणि सोफ्यावर बसले. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. मग वाकून तिनं त्यांच्या सुजलेल्या घोट्यावर बोट दाबलं आणि उचललं. खड्डा तसाच राहिला. "माज्यावर इस्वास ठेवू नको, भाऊ. तुजाच पाय बग."

काकांनी बघितलं. मी म्हटलं, पायात पाणी साचतंय, काळजाचं दुखणं असेल, गाडी काढतो, आत्ता सलमानिया हॉस्पिटलला जाऊ. "छे रे. पुढच्या महिन्यात लीव्ह आहे. वसईत सगळं एकदम दाखवतो. खलास." आम्ही इकडची माणसं असंच करतो. दात, गुडघे, छाती, सगळी दुखणी लीव्हपर्यंत राखून ठेवतो.

"तवर टिकशील, कशावरून?" आईनं विचारलं.

काका हसले. कप रिकामा होईपर्यंत बसूनच राहिले. नंतरही मी दोनदा गाडीची किल्ली घेऊन त्यांच्या दारात गेलो. दोन्ही वेळा त्यांनी तिकीट दाखवलं.

ते वसईला पोचले, डॉक्टरपर्यंत पोचले नाहीत. ते गेल्याचा निरोप आला तेव्हा आई वजूला बसली होती. नळ तसाच वाहत होता. तिनं शीर दाबली आणि बोट उचलायलाच विसरली.

"खड्डा त्यानं डोल्यांनी बगितला व्हता रे," ती म्हणाली.

मी नळ बंद केला.