अठरा हजारांची दुर्बीण

“बघा तर साहेब, बघायला पैसे पडत नाहीत,” म्हणत दुकानदाराने दुर्बीण हातात दिली. दारातून समोरच्या पिंपळावर रोखली, तर ज्याची नुसती टुकटुक आजवर ऐकत आलो तो तांबट पक्षी दिसला. इवलासा, लालभडक कपाळाचा. किंमत अठरा हजार.

“घ्या की हो,” बायको म्हणाली.

“वर्षभरात पक्षी बघायला टेकडीवर किती वेळा गेलो आपण?”

“एकदाही नाही!” ती हसली.

जड मनाने दुर्बीण परत केली. मला खरी हवी होती ती सवड, आणि ती दुकानात मिळत नाही, रविवारी सकाळी घरातच असते. येताना प्रत्येक झाडाखाली थांबलो.

“पतंग अडकलाय का?” एका आजींनी विचारलं.

“नाही, पक्षी बघतोय.”

त्याही मान वर करून उभ्या राहिल्या.