फुंकरच्या ट्रकचा घेर

त्याला सगळे फुंकर म्हणत. कुणी जोरात फुंकर मारली तर उडून जाईल अशी अंगकाठी. शर्ट घातलेला नसून अंगावर वाळत टाकलाय असं वाटायचं. पण एखादी गोष्ट डोक्यात शिरली की हा माणूस भल्याभल्यांच्याने हलायचा नाही.

त्याचा एक छोटा ट्रक होता. कारखान्यातून गाद्या उचलायच्या आणि दुकानांत पोचवायच्या, हा धंदा. गाद्यांना वजन असं नाही, पण रचल्या की दोन माणसं उंच. मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा सुटला की ट्रक डुलायला लागायचा आणि आत फुंकर स्टिअरिंगला लटकून उलट्या बाजूला झुकायचा. जणू त्याच्या वजनाने ट्रक सावरणार होता.

एकदा सिग्नलला शेजारच्या टेम्पोवाल्याने डोकं बाहेर काढून विचारलं, "काय हो, मागची चाकं धाकट्या भावाच्या गाडीची लावलीत का?"

फुंकर तिथेच खाली उतरून मागे गेला. खरंच की! वर गाद्यांचा डोंगर आणि खाली चाकं पार आत दडलेली. लठ्ठ माणूस पाय जुळवून उभा राहावा तसा ट्रक दिसत होता. पाच वर्षं चालवला, पण मागून कधी नीट बघितलाच नव्हता. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवून दमले, तरी हा आपला बघतोच आहे.

त्याची बायको घराच्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. त्याने तिला सगळं सांगितलं. तोंडातली टाचणी काढून ती म्हणाली, "अहो, चालतोय ना ट्रक?"

"चालतोय गं. पण मागून दिसतो कसा?"

"मागून तुम्ही तरी कसे दिसता? मी कधी काही बोलले?"

दुसऱ्या दिवशी फुंकर लेथवाल्या काकांच्या वर्कशॉपमध्ये हजर. काका मुळात कमी बोलायचे आणि जे बोलायचे त्यातलं अर्धं लेथच्या घरघरीत जायचं.

"काका, मागच्या चाकांना स्पेसर पाहिजेत. चाक आणि हबच्या मध्ये घालायच्या त्या चकत्या. चाकं चांगली बाहेर आली पाहिजेत."

"किती बाहेर?"

फुंकरने दोन्ही हात फाकवले.

"गाडी चालवायचीय की उडवायचीय?"

शेवटी दोन बोटं जाडीवर तडजोड झाली. काकांनी लेथ बंद करून बजावलं, "हे बघ, चाक जितकं बाहेर, तितका बेअरिंगवर ताण. मी हबच्या मापाची चकती काढून देतो, बोल्टही लांब घालू. पन्नास किलोमीटर झाले की नट परत आवळायचे. आणि चाक मडगार्डच्या बाहेर येणार, तेव्हा..."

पुढचं फुंकरने ऐकलंच नाही. तो ट्रकच्या मागे उभा राहून एक डोळा मिटून अंदाज घेत होता.

चार दिवसांनी चकत्या बसल्या. फुंकर रस्त्याच्या पलीकडे गेला आणि तिथून ओरडला, "काका, काय छाती भरून आलीय हो ट्रकची!"

"छाती पुढे असते," काका म्हणाले आणि आत गेले.

नट पन्नास किलोमीटरने आवळायचे होते. हा दर पाच किलोमीटरला पाना घेऊन खाली उतरायचा. पहिल्या दिवशी तो पोचेपर्यंत गादीवाला दुकान बंद करून जेवायला गेला होता.

त्याच आठवड्यात बायकोला मोठं काम मिळालं होतं. एका हॉस्पिटलच्या नर्सबायांचे बावीस पांढरेशुभ्र गणवेश. सकाळी तिने इस्त्री करून त्यांचं गाठोडं बांधलं, स्कूटरच्या मागे चढवलं आणि निघाली. थोड्या वेळाने फुंकरही निघाला. मोठ्या रस्त्यावर पाइपसाठी खोदकाम चाललं होतं, कडेला पाण्याचं तळं साचलं होतं. पुढे एक स्कूटर रखडत चालली होती. गाठोडं एवढं मोठं की चालवणाऱ्याचं फक्त हेल्मेट दिसत होतं. फुंकरने ऐटीत हॉर्न दिला आणि ट्रक पाण्यातून सुसाट पुढे काढला.

मग आरशात बघितलं. आहाहा! टायर काय दिमाखात दिसत होतं! त्याच्या मागे एक बाई स्कूटर थांबवून दोन्ही हात हवेत नाचवत होती. बाईला ट्रक फार आवडलेला दिसतो, असं वाटून फुंकरनेही खिडकीतून हात हलवला.

संध्याकाळी घरी येतो तर स्कूटर चिखलाने माखलेली. दोरीवर बावीसपैकी गाठोड्यातल्या बाहेरच्या बाजूचे बारा गणवेश, सगळे चहात बुडवून काढल्यासारखे. बायको पायरीवर बसलेली.

"कोणी केलं हे?" फुंकर भडकला. "गाडीचा नंबर घेतलास का? मी सोडणार नाही त्या नालायकाला!"

"घेतलाय ना," ती म्हणाली आणि हातातला कागद उलगडून एकेक आकडा वाचायला लागली. तिसऱ्या आकड्याला फुंकरचा आवाज बसला. शेवटच्या आकड्याला तो स्वतःच पायरीवर बसला.

"आणि वर हात हलवून गेला तो," ती म्हणाली.

हॉस्पिटलने दोन दिवसांची मुदत दिली. ते दोन दिवस फुंकर मोरीत उकिडवा बसून कॉलरी घासत होता. इस्त्रीला मात्र बायकोने त्याला हात लावू दिला नाही. बाराव्या गणवेशाचं पाणी स्वच्छ निघालं, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "चकत्या काढून टाकतो मी."

ती गळ्यातली टेप सावरत ट्रकच्या मागे गेली. बराच वेळ बघत राहिली. "दिसतोय बरा," ती म्हणाली. "पण घेर वाढवलात आणि झालर तेवढीच ठेवलीत. असा फ्रॉक मी शिवला असता तर गिऱ्हाइकाने तोंडावर फेकला असता."

तिने वर्तमानपत्रावर बेतून चाकाच्या कमानीचं माप काढलं, जाड रबरी शीटमधून दोन रुंद पट्ट्या कापल्या. शिलाई मशीनला ते झेपेना, म्हणून काकांनी रिव्हेट मारून त्या मडगार्डला जोडल्या. मग तिने फुंकरला त्याच पाण्यातून दहा वेळा ट्रक न्यायला लावला आणि स्वतः कडेला पांढरी साडी नेसून उभी राहिली. एक थेंब उडाला नाही. काकांनी पट्टीवरून अंगठा फिरवला आणि ते पहिल्यांदाच कौतुकाने बोलले, "काम सफाईदार आहे."

आता स्पेसर बसवायला आलेल्या प्रत्येकाला काका आधी तिच्याकडे धाडतात. दारात दांडगे ट्रकवाले रांगेने उभे असतात आणि ती चष्म्यावरून बघत विचारते, "बोला, अंगाबरोबर हवंय की जरा सैल?"