कपाटातलं इंटरनेट

आमच्या घरात टेलिफोन कपाटात होता. लोखंडी, हिरव्या रंगाच्या, दारावर उभा आरसा असलेल्या कपाटात, अप्पांच्या धोतरांच्या आणि आईच्या शालूच्या मधल्या फळीवर. हे सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे. पण तो तिथे माझ्यामुळे गेला, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही.

नव्वदीची पहिली वर्षं. कर्नाटकात, धारवाडच्या शेजारी, केशवापुरातल्या आमच्या गल्लीत फोन असलेली घरं बोटांवर मोजावीत एवढी. अप्पा अमरगोळच्या मार्केट यार्डात कारकून. अर्ज करून ते किती वर्षं थांबले होते कोण जाणे, पण फोन आला तेव्हा त्याला हळदकुंकू वाहून नारळ फोडला होता. अक्का माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, तेव्हा कॉलेजात. दुपारी चारला अप्पा कामावर, आई आडवी झालेली, तेव्हा तो वाजायचा. अक्का पहिल्याच घंटेला उचलायची आणि भिंतीकडे तोंड करून कन्नडमधून हळू हळू बोलायची. मी दहा वर्षांचा. तिने मला नेहरू मैदानावरच्या सर्कशीला न्यायचं कबूल केलं आणि नेलं नाही, म्हणून मी अप्पांना सांगितलं. एवढ्याच कारणावरून. दुसरं काही नाही.

अप्पांनी तिला मारलं नाही. मारलं असतं तर परवडलं असतं. त्यांनी गोकुळ रोडच्या एका वर्कशॉपातला माणूस बोलावला, कपाटाला मागून भोक पाडून घेतलं, फोनची तार आत ओढली आणि दाराला कुलूप लावलं. किल्ली जानव्याला. त्यानंतर फोन वाजला की अप्पा शर्टात हात घालून जानवं चाचपायचे, किल्ली सापडेपर्यंत घंटा बंद. आमचे सगळे नातेवाईक दोन-दोनदा फोन करायला शिकले. आणि चारला? चारला तो आतल्या आत वाजत राहायचा. अक्का कपाटापुढे उभी राहायची, म्हणजे आपसूक आरशापुढे. मी दारातून बघायचो. ती रडायची नाही, स्वतःकडे बघत घंटा थांबेपर्यंत उभी असायची. दोन-तीन आठवड्यांनी चारचा फोन यायचा बंद झाला.

आता पंधरा-सोळा वर्षं पुढे या. मी कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो, वर बाहेरची दुरुस्तीची कामं घ्यायचो. स्वतःला फार मोठा जाणकार समजायचो, कारण गल्लीत दुसरा कुणी नव्हता. अक्का शाळेत शिक्षिका, पस्तिशीची. आई अर्धांगवायूने अंथरुणाला खिळून तीन वर्षं झालेली. तिचं सगळं अक्काच करायची. शाळेआधी अंग पुसणं, भरवणं, बेडपॅन. शाळेनंतर पुन्हा तेच. मी काय करायचो? आईच्या खोलीच्या दारात उभा राहून ‘कशी आहेस?’ विचारायचो. तिला बोलता येत नव्हतं, त्यामुळे उत्तर ऐकायची जबाबदारीही नव्हती.

अक्काला स्थळं यायची आणि चहा पिऊन जायची. मग एक आलं ते मात्र वेगळं. मूळचे धारवाडचे, इंजिनियर, ऑस्ट्रेलियात. पहिली बायको वारलेली, मूलबाळ नाही. डिसेंबरात पंधरा दिवसांच्या रजेवर येणार, पण त्याआधी मुलगी कॉम्प्युटरवर बघणार. रविवारी सकाळी अकराला. अप्पांना आधी ते पटेना. ‘बघण्याचा कार्यक्रम डब्यात?’ म्हणाले. पण अक्का म्हणाली, ‘होऊ दे की अप्पा.’ त्या चार शब्दांत एवढं काही होतं की अप्पा तयार झाले. अक्काने स्वतःसाठी काही मागितलेलं आम्ही कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.

मी ब्रॉडबँडची जोडणी घेतली, वायरलेसचा पांढरा डबा आणला. हॉलमध्ये ठेवू म्हटलं. अप्पा म्हणाले, ‘फोनची तार कुठं आहे?’

‘कपाटात.’

‘मग डबा पण कपाटातच. किमती वस्तू बाहेर ठेवायची नाही.’

‘अप्पा, दार लावल्यावर...’

‘बिनतारी आहे म्हणतोस ना? मग दाराला कशाला घाबरतंय?’

पोरांना मी नेटवर्कच शिकवत होतो, आणि तरी तिथे मान डोलावली. खरं सांगू? फोन कपाटात असणं आमच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की ते कपाट लोखंडाचं आहे हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. डबा फळीवर बसला, दार लागलं, किल्ली फिरली.

पहिला रविवार म्हणजे शोभा. हॉलमध्ये टेबलावर लॅपटॉप, समोर अक्का मोरपंखी साडीत, शेजारी अप्पा टोपी घालून. पलीकडे तो गृहस्थ आणि त्याच्याकडे राहायला गेलेली त्याची आई. चित्र दोन मिनिटं हललं आणि अडकलं. आवाज तुटक. अक्का काहीतरी सांगत होती आणि तिचा चेहरा पडद्यावर तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले असा गोठला. तिकडून आलेलं एकच वाक्य अखंड पोचलं, त्याच्या आईचं: ‘मुलगी तोतरी आहे का रे?’

मग निरोप आला. पुढच्या रविवारी पुन्हा बघू, त्यानंतर मात्र रजेत कुणाकुणाला भेटायचं ते ठरवणार. म्हणजे अक्काच्या हातात एक रविवार होता.

तो आठवडा मी घर डोक्यावर घेतलं. डबा बंद करून चालू केला, चॅनल बदलले, लॅपटॉपचे ड्रायव्हर काढून पुन्हा घातले, बॅटरी वाचवायची सोय बंद केली. अक्का शाळेतून आली की तिला लॅपटॉप मांडीवर देऊन बसवायचो. तुळशीपाशी, मोरीच्या दारात, जिन्यात. ‘सिग्नलच्या किती कांड्या?’ मी ओरडायचो. ‘एक,’ ती म्हणायची. ‘नीट धर की! हलतेस कशाला?’ आत आई हाका मारायची, म्हणजे कण्हायची, आणि मी अक्काला उठू द्यायचो नाही. फोनचा लाईनमन आला, त्याने तार कानाला लावून ‘लाईन छलो ऐत्री’ म्हणत ती चांगली असल्याचं जाहीर केलं आणि तो चहा पिऊन गेला. मग दोष द्यायला माणूस उरला एकच. तिचा तो गोठलेला चेहरा मी लॅपटॉपवर साठवून ठेवला होता. बुधवारी तो तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, ‘बघ. हे असलं तोंड बघून कोण हो म्हणेल?’

तिने बघितलं. बराच वेळ बघितलं. ‘साक बिडो,’ म्हणाली. पुरे, सोड. आणि आईचं बेडपॅन घ्यायला गेली. माझी जीभ तेव्हा झडली नाही, हे माझं नशीब.

गुरुवारी अप्पांनी आईच्या औषधाची चिठ्ठी काढायला कपाट उघडलं. मी लॅपटॉप घेऊन हॉलमध्ये होतो. एक कांडी होती तिच्या धडाधड पाच झाल्या. अप्पांनी दार लावलं, पुन्हा एक. मी किंचाळलोच. ‘अप्पा, उघडा! लावा! उघडा!’ ते बिचारे सातआठ वेळा दार हलवत राहिले. कारण कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडला. आपल्या कुलपाचा असा अपमान त्यांना सोसवेना. शेवटी म्हणाले, ‘एक तास उघडं ठेवीन. पोरीच्या लग्नापुरतं.’

शनिवारी मला बेंगळूरच्या कंपनीचं पत्र आलं. नोकरी मिळाली होती, जानेवारीत रुजू व्हायचं. मी ते खिशात घातलं आणि कुणाला बोललो नाही. रात्रभर नाही म्हटलं तरी हिशेब डोक्यात घोळलाच: अक्का गेली तर आईचं कोण करणार?

रविवार. अप्पांनी किल्ली फिरवून कपाट सताड उघडलं आणि हॉलमध्ये जाऊन बसले. कपाट मधल्या खोलीत, हॉलच्या दाराच्या बरोबर समोर, आणि अक्काची खुर्ची त्याच दाराकडे तोंड करून. दार उघडं असलं की आरसा बाजूच्या भिंतीकडे जायचा. अक्का साडीचा पदर बघायला आली, तर आरसाच नाही. ‘आज ताटात बघून घे,’ मी म्हटलं. ती हसली आणि खरंच स्टीलच्या ताटात बघून टिकली नीट केली.

अकराला चित्र आलं, लख्ख. माझ्या कामाचा मलाच अभिमान वाटला. त्याच्या आईने स्वयंपाकाचं विचारलं, शाळेचं विचारलं. अक्का छान बोलत होती. कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कारण तोही धारवाडकडचाच. त्याने विचारलं, इकडे थंडी-पाऊस फार, चालेल का? अक्का म्हणाली, ‘धारवाडच्या पावसात वाढलेल्या माणसानं हे विचारायचं?’ तो मोठ्याने हसला. अक्काही हसली. तोंडावर हात न घेता. मी मधल्या खोलीतून बघत होतो. ही बाई जाणार, हे मला त्या क्षणी स्पष्ट कळलं.

मग त्याने हळूच विचारलं, ‘तुमच्या आईंचं... तुम्ही इकडे आल्यावर?’

‘माझा भाऊ आहे की,’ अक्का म्हणाली. ‘तो बघेल.’

इतक्या विश्वासाने म्हणाली. तेवढ्यात आत आई कण्हली. मी तिच्या खोलीच्या दारात गेलो. चादर ओली झालेली, वास येत होता. आईने चांगला हात माझ्याकडे केला. मी आत गेलो नाही. उलटा फिरलो, मधल्या खोलीत आलो आणि जाता जाता कपाटाचं दार पायाने ढकललं.

हॉलमध्ये चित्र अडकलं. ‘अरे, कपाट बघ!’ अप्पा ओरडले. मी लगेच दार उघडलं आणि म्हणालो, ‘उघडंच आहे की!’ इथे थांबलो असतो तर पायाची चूक म्हणता आली असती. पण मी हॉलमध्ये गेलो, लॅपटॉप अक्कापुढून उचलून मांडीवर घेतला, आणि त्याच्या कडेला वायरलेसचं जे बारीक बटण असतं ते अंगठ्याने बंद केलं. मग जाणकाराचा आव आणून बंद कर, चालू कर, हे काढ, ते घाल, अशी पाऊण तास झटापट केली. कपाळाला घामही आला. अप्पा देवाचं नाव घेत होते. अक्का हात मांडीवर ठेवून बसली होती. शेवटी मी बटण सरकवलं, पाच कांड्या आल्या, पण तिकडे कुणी नव्हतं.

मंगळवारी निरोप आला. आईचा विषय निघाल्यावर संपर्क तुटला आणि परत लागलाच नाही, त्यावरून घरचे लोक काहीतरी लपवतात असं वाटतं. त्याच रजेत त्याचं लग्न गदगच्या एका मुलीशी झालं. अप्पा आठ दिवस ऑस्ट्रेलियाला शिव्या देत होते. अक्का आईची चादर बदलायला गेली. जानेवारीत मी बेंगळूरला निघालो तेव्हा वाटेसाठी दशम्या तिनेच बांधून दिल्या.

पुढे अप्पा गेले, दीड वर्षाने आई गेली. आईच्या वर्षश्राद्धाला मी आलो तेव्हा लॅपटॉप बरोबर होता, ऑफिसचं काम अडकलेलं. नेट लागेना. डबा अजून कपाटातच होता आणि किल्ली अक्काच्या गळ्यातल्या साखळीत. तिने न विचारता येऊन कपाट उघडलं.

‘अजून आतच ठेवतेस?’ मी म्हटलं. ‘बाहेर काढून ठेवू का? मी करतो.’

‘नको. सवय झालीय.’ ती दाराला हात लावून उभी राहिली. चाळिशी आली होती, केस कानाजवळ पांढरे. मग सहज, भाजी काय करू विचारावं तशा आवाजात म्हणाली, ‘त्या दिवशी तू आईचं बघशील असं मी म्हणाले ना, त्यानंतर समोर एकदम मी दिसले. साडीतली. म्हटलं, हे काय? आणि आरशाच्या कडेला तू दिसलास. एक पाय वर.’

मी लॅपटॉपवरून हात काढला.

‘दार लागल्याशिवाय हॉलमधून आरसा दिसत नाही रे,’ ती म्हणाली.

‘अक्का, तेव्हाच का नाही बोललीस? अप्पा समोर होते. तू...’

‘चहाडी करायची?’ ती म्हणाली. ‘साक बिडो. काम कर तुझं. दार उघडं आहे तोवर लागेल नेट.’

आणि आईच्या पानाचा स्वयंपाक बघायला आत गेली. मी लॅपटॉपकडे बघितलं. पाचही कांड्या होत्या.